एकतीस नंबरची चौकशी

सरकारी खातं एखाद्या संस्थेशी भागीदारी करतं तेव्हा आधी सह्या होतात, मग चहा होतो, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या जागी जाऊन करार पहिल्यांदा नीट वाचतात. ज्येष्ठ नागरिक खात्याचंही तेच झालं. फक्त इथे वाचायला वर्ष लागलं.

कराराचं काम ज्या अधिकाऱ्याकडे होतं, त्याला खात्यात सगळे 'शिक्का' म्हणत, अर्थात पाठीमागे. वय बावन्न, केस व्यवस्थित, पेन नेहमी खिशाला. कागद दोनदा वाचून, वर तिसऱ्यांदा उलटा करून पाहिल्याशिवाय तो शिक्का मारत नसे. माणूस वाईट नव्हता. कोणाचं काम मुद्दाम अडवायचा नाही, कोणावर आवाज चढवायचा नाही. पण नियमात बसत नसतं तर सख्ख्या भावालाही त्याने दारातून परत पाठवलं असतं. भाऊ नव्हता म्हणून ती वेळ आली नव्हती.

समोरची बाजू म्हणजे 'सकाळची मंडळी'. सतरा माणसं, बहुतेक निवृत्त: दोन परिचारिका, एक बसचालक, एक गणिताच्या बाई, असे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही मंडळी रोज सकाळी सात ते नऊ या वेळात आपापल्या घरून फोन करत. फोन उचलला नाही तर पुन्हा करायचा, मग शेजाऱ्यांना, मग स्वतः जाऊन दार ठोठावायचं. इथपर्यंत त्यांचं ते बघत. घोडं अडायचं ते बंद दारापाशी. आतून उत्तर नाही, आणि बाहेरच्याला दार फोडायचा अधिकार नाही. एकदा एक म्हातारा शिंपी न्हाणीघरात पडला आणि पावणेदोन दिवस तसाच होता. मंडळींपैकी तिघं दाराबाहेर उभी राहून पोलीस, घरमालक आणि अग्निशमन दल यांना आळीपाळीने फोन करत होती, आणि तिघेही एकमेकांकडे बोट दाखवत होते. शिंपी वाचला, त्याचा उजवा पाय वाचला नाही.

त्यानंतर करार झाला. फोन मंडळींनी करायचे, दार खात्याने उघडायचं. खात्याने एक कुलूपवाला, एक परिचारिका आणि एक गाडी दिली. निरोप आल्यापासून चाळीस मिनिटांत दार उघडलं पाहिजे असं ठरलं. वर्षभरात नऊ दारं उघडली गेली आणि त्यातली सात माणसं आजही सकाळी फोन उचलतात. सरकारी कामात इतकी स्वच्छ गोष्ट सहसा बघायला मिळत नाही.

पण करारात कलम सात होतं. ज्यांचा शहरात जवळचा नातेवाईक नाही, अशांनाच ही सेवा. नातेवाईक असेल तर दार त्याने उघडावं, असा त्यामागे कोणा शहाण्याचा हिशेब. या कलमाकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. मग एका सकाळी खात्याने एका आजोबांचं दार फोडलं. आजोबा कानातलं यंत्र काढून गाढ झोपले होते. त्यांची मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहत होती. ती थेट खात्यात आली आणि टेबलावर हात आपटून म्हणाली, "मी जिवंत असताना माझ्या बाबांना निराधार कोणी ठरवलं?"

त्याच दुपारी संचालिकाबाईंनी शिक्क्याला आत बोलावलं.

"यादीत अठ्ठावन्न माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "नातेवाईकांच्या रकान्यात अठ्ठावन्न वेळा 'नाही' लिहिलंय. तुम्हाला हे खरं वाटतं?"

"नाही, मॅडम."

"मग शिक्का कसा मारलात?"

कागद भरलेला होता, रकाना रिकामा नव्हता, म्हणून मारला होता. हे कारण त्याला पहिल्यांदाच पुरेसं वाटलं नाही.

"गुरुवारपर्यंत प्रत्येक घरी जा. समोर बसून विचारा. ज्यांचं कोणी आहे त्यांचं नाव काढा. त्यांच्या दारावर आपला कुलूपवाला जाणार नाही. शुक्रवारी मला अहवाल हवा."

मंडळींचं कार्यालय एका बंद पडलेल्या लाँड्रीत होतं. कपडे द्यायचा लांब ओटा तसाच होता आणि त्यावर आता वह्या रचलेल्या होत्या. ओट्यामागे बसणाऱ्या बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणत, कारण त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं काढली होती. अजूनही त्या बोलताना, गळ्यातल्या माउथपीसमध्ये बोलावं तशी, हनुवटी किंचित खाली घेत.

"सगळीकडे 'नाही' कोणी लिहिलं?" शिक्क्याने विचारलं.

"मी," त्या म्हणाल्या. त्यांना ना लाज, ना भीती. "रकाना केवढासा दिलाय तुम्ही! 'आहे, पण' इतकं लिहिलं की तो संपतो. पुढचं कुठे लिहू, हातावर?"

"म्हणजे तुम्ही खोटी माहिती दिलीत."

"थोडक्यात दिली." त्यांनी एक जाड वही त्याच्यापुढे सरकवली. "लांबलचक हवी असेल तर ही घ्या."

मंडळींची एक पद्धत होती आणि ती त्या वहीत दिसत होती. फोनवर 'कशा आहात' असं विचारायचं नाही. त्याला सगळे 'बरी आहे' म्हणतात, आणि मरायला टेकलेला माणूसही तेच म्हणतो. त्याऐवजी असं काहीतरी विचारायचं की माणसाला उठून बघावं लागेल. खिडकीतून आज काय दिसतंय? कुंडीत किती कळ्या आहेत? भिंतीवरच्या कॅलेंडरवर आज कुठला वार आहे? उठायला किती वेळ लागला, पाय ओढला की नीट पडला, दिसलं का, आठवलं का, सगळं त्यातून कळतं. मग वहीत प्रत्येकाची एक ओळ लिहायची. शिक्का मनातल्या मनात खूश झाला. खात्याने असा अर्ज कधी बनवला नव्हता.

खात्याकडच्या यादीत नुसते नंबर असत, नावं-पत्ते फक्त या वहीत. तो पानं उलटत गेला. तिसाव्या नंबरवर एक निवृत्त मुद्रितशोधक होते. एकतीस नंबरचा पत्ता त्याने वाचला, मग पुन्हा वाचला. तिसरा मजला, डावीकडचं दार. त्या दारातून तो शाळेत गेला होता, त्याच दारातून नोकरीला लागला होता. तिथे आता त्याची आई एकटी राहत होती.

तो दर रविवारी अकरा वाजता आईला फोन करत असे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी जात असे, फळं घेऊन. हे ती दोघं नेमाने पाळत आणि कोणाचीच तक्रार नव्हती. आणि इथे दोन वर्षांच्या सकाळी होत्या, रोजची एक ओळ.

'समोरच्या गच्चीवर दोन गाद्या वाळत घातल्यात म्हणाल्या. उठायला वेळ लागला.' 'जिन्याचा कठडा निळा रंगवलाय. रंग आवडला नाही.' 'आज कळ्या मोजल्या नाहीत. कंटाळा आला म्हणाल्या. दुपारी पुन्हा फोन केला, तेव्हा हसल्या.' 'डावा गुडघा.' 'खिडकीतलं धूसर दिसतंय.' 'मोतीबिंदूचं ऑपरेशन आज. सोबत मी.' 'पट्टी काढली. कळ्या चार. पानांवर धूळ किती बसली होती ते आत्ता दिसलं म्हणाल्या.'

ऑपरेशनच्या पुढच्या शनिवारी तो गेला होता. आईने काळा चष्मा लावला होता. 'काय आई, सिनेमात काम मिळालं की काय?' असं तो म्हणाला होता, आणि आई हसली होती. आता लाँड्रीच्या ओट्यापाशी उभं राहून त्याला त्या विनोदाची लाज वाटली, चांगली कानशिलं तापेपर्यंत.

"हे एकतीस नंबरचं 'नाही'," त्याने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "हेही तुम्हीच लिहिलंत?"

ऑपरेटरबाईंनी पेन्सिलीचं टोक तपासलं. "नाही. बाकीचे सत्तावन्न माझे. हे त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय. 'कोणी नाही असं लिहा,' म्हणाल्या."

त्याने वही मिटली. नाव ठेवलं तर अहवाल खोटा ठरणार होता. काढलं तर ज्या दिवशी आई पडेल, त्या दिवशी दार उघडायला तोच उरणार होता.

सोमवारपासून दोघं घरं फिरू लागली. तो प्रश्न विचारायचा, ऑपरेटरबाई ओळख करून द्यायच्या आणि मग गुळणी धरून बसायच्या. एकतीस नंबर त्यांनी शेवटी ठेवला होता. का, ते त्याने विचारलं नाही.

बाकीच्या घरांत तो नेहमीसारखाच वागला, किंबहुना जरा जास्तच. एकाच्या बाबतीत मन कचरतंय म्हटल्यावर माणूस बाकीच्यांवर कडक होतो, तसं. पाय गमावलेल्या शिंप्याच्या घरी त्याने विचारलं, "शहरात जवळचं कोणी?"

"मुलगी आहे," शिंपी म्हणाला. "कारखान्यात पाळीवर असते. फोन फाटकापाशी जमा करून घेतात."

"पण शहरात आहे."

"हो, शहरात आहे."

"मग दार त्यांनी उघडायचं."

शिंप्याने आपल्या उरलेल्या पायाकडे पाहिलं. शिक्क्याने 'अपात्र' लिहिलं. जिना उतरताना ऑपरेटरबाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं ते कलम सात मला आता तोंडपाठ झालंय. पण त्यात 'किती वाजता' हा शब्द कुठेच नाही."

"नियमात सगळं लिहिता येत नाही, बाई."

"मग वहीत लिहावं लागतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या घराचा पत्ता शोधू लागल्या.

गुरुवारी दुपारपर्यंत तेवीस नावं अपात्र झाली होती. अडीच वाजता दोघं तिसऱ्या मजल्यावर डावीकडच्या दारापाशी पोहोचली. कठडा खरोखरच निळा होता आणि रंग खरोखरच वाईट होता.

आईने दार उघडलं. आधी ऑपरेटरबाईंकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग त्याच्या हातातल्या अर्जाकडे.

"या, साहेब," ती म्हणाली. "बसा."

तो बसला. समोरच्या भिंतीवर एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. नोकरीला लागल्या दिवशीचा त्याचा फोटो तिथे तीस वर्षं टांगलेला होता. चौकशीला कोणी येणार म्हणून तिने तो उतरवून ठेवला होता. घाईत भिंत पुसायची राहिली होती.

अर्ज सुरू झाला. नाव त्याने विचारलं, तिने सांगितलं. वय विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

तो शहात्तर धरून चालला होता. त्याने अठ्ठ्याहत्तर लिहिलं.

"एकट्या राहता?"

"नऊ वर्षं झाली."

"शहरात जवळचे नातेवाईक?"

"नाही," आई म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. दूधवाल्याला आज नको सांगावं, तितका सरळ.

पेन त्या रकान्यावर येऊन थांबलं. दोघी बायका त्याच्याकडे बघत होत्या. त्याने पेन खाली ठेवलं.

"आई, हे काय चालवलंयस तू?"

हे बोलून त्याने दचकून ऑपरेटरबाईंकडे पाहिलं. त्या जागच्या हलल्या नाहीत. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "पहिल्याच आठवड्यात तुमचं कौतुक ऐकलंय मी. अर्धा तास."

"मग कोणी नाही असं का लिहायला लावलंस?" त्याने आईला विचारलं.

"तू मला आत्ता कोण म्हणून विचारतोयस? मुलगा म्हणून की खात्याचा म्हणून?"

त्याने हातातल्या अर्जाकडे पाहिलं.

"खात्याचा म्हणून विचारत असशील तर मी खरंच सांगितलंय," आई म्हणाली. "सकाळी सात वाजता मी इथे पडले, तर तू कुठे असतोस?"

"घरी."

"तुझा फोन?"

"आठपर्यंत बंद असतो."

"घरापासून इथे यायला?"

"सव्वा तास. गर्दी नसेल तर."

"झालं तर," ती म्हणाली. हिशेब चुकता झाल्यासारखा तिने पदर नीट केला.

"डोळ्यांचं मला सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं की. दोन रविवार सांगितलं. तू म्हणालास, तारीख ठरली की कळव. तारीख मिळाली सोमवारी, ऑपरेशन झालं बुधवारी. मध्ये रविवार आला नाही."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला ओरडून सांगत होतं, अजून, अजून, बस.

"रागावून बोलत नाहीये रे मी," आई म्हणाली. "तू आहेस तसा मला चालतोस. रविवारी बोलायला तूच हवास. पण मला पडून राहायची भीती वाटते. रात्री नाही वाटत, सकाळी उठताना वाटते. त्या शिंप्याचं ऐकल्यापासून वाटते. दार उघडायला मला तू नकोस, तो कुलूपवाला हवाय. माझं नाव काढू नकोस."

आई त्याच्याकडे काही मागते आहे, असं फारा वर्षांत घडलं नव्हतं. आणि मागत होती तेही त्याला वगळून मागत होती. हे त्याला लागलं, आणि त्यात काही चूक काढता येत नाही हे जास्त लागलं.

"'नाही' लिहिता येणार नाही मला," तो म्हणाला. "खोटं आहे ते."

"मग काढ नाव."

त्याने पेन उचललं. रकान्यात 'आहे' लिहिलं. आईने मान फिरवून खिडकीकडे पाहिलं. मग त्याने अर्ज उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिथे तो लिहू लागला आणि बराच वेळ लिहीत राहिला. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं आणि कागद आईपुढे धरला. तिने तो चष्म्याशिवाय वाचला.

'लाभार्थीचा एकुलता मुलगा याच शहरात राहतो. प्रत्यक्ष चौकशीत असे आढळून आले की सकाळी आठपूर्वी त्याच्याशी संपर्क होऊ शकत नाही. संपर्क झाल्यास पोहोचण्यास त्याला सव्वा तास लागतो. मागील वर्षी लाभार्थीच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी तो हजर नव्हता व त्यास त्याची माहितीही नव्हती. सबब, नातेवाईक असला तरी दार उघडण्याच्या कामी त्याचा उपयोग नाही. नाव कायम ठेवावे.'

आईने कागद खाली ठेवला. "इतकंही लिहायला नको होतं," ती हळूच म्हणाली.

"चौकशीत आढळलं ते लिहावं लागतं." त्याने पेन पुढे केलं. "सही कर इथे."

तिने सही केली. त्याने त्याखाली आपली केली. ऑपरेटरबाई उठून उगाचच कुंडीतल्या कळ्या मोजत होत्या.

जिन्यात आल्यावर तो थांबला. "बाई, त्या तेवीस घरांचे अर्ज काढा."

"आता?"

"आत्ता साडेतीन वाजतायत. शिंप्यापासून सुरुवात करू. कोणी आहे का ते विचारलं मी. किती वेळात येतं ते विचारायचं राहिलं."

ऑपरेटरबाईंनी पिशवीतून गठ्ठा काढला. काही घरी दोघं पुन्हा गेली, काही ठिकाणी फोन केला. सात वाजेपर्यंत एकोणीस अर्जांच्या मागच्या बाजू भरल्या. चार नावं मात्र गेली. त्यातलं एक त्या कानातलं यंत्र काढून झोपणाऱ्या आजोबांचं होतं, कारण त्यांची मुलगी खरोखरच सात मिनिटांत धावत येत होती.

शुक्रवारी संचालिकाबाईंनी अहवाल वाचला. वीस अर्ज त्यांनी उलटे करून पाहिले आणि भुवया उंचावल्या, पण हरकत घेतली नाही. एका अर्जावर मात्र त्या अडल्या.

"हा एकतीस नंबर. 'त्याचा उपयोग नाही.' फारच ठामपणे लिहिलंत. उद्या तो मुलगा तक्रार घेऊन आला तर? त्या बाई आल्या होत्या तशा?"

"येणार नाही, मॅडम."

"कशावरून? भेटलात त्याला?"

"भेटलो."

"काय म्हणाला?"

"मान्य आहे म्हणाला."

"तोंडी चालणार नाही. सही घेतलीत त्याची?"

"आहे, मॅडम. खाली."

संचालिकाबाईंनी कागद वर सरकवला. आईच्या सहीखाली एकच सही होती, चौकशी अधिकाऱ्याची. त्यांनी ते आडनाव वाचलं, मग कागद उलटून पुढच्या बाजूचं लाभार्थीचं आडनाव वाचलं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगितलं.